नळीचा तुकडा

यास्नाने तिसऱ्यांदा फीत विहिरीच्या लोखंडी नळीत सोडली. टोक पाण्याला टेकलं आणि टीं वाजलं. दोन मीटर नऊ सेंटिमीटर. गेल्या वर्षी दोन मीटर दहा होतं. म्हणजे पाणी जिथल्या तिथे, उलट बोटभर वरच!

आणि समोर कुरणाची पार रया गेलेली. गेल्या वर्षी जिथे तिचे बूट चिखलात रुतले होते, तिथे आता मिठाचे पापुद्रे करकरत होते. गावच्या लामा जनावरांचे कळप चाऱ्यासाठी टेकडीपलीकडे गेले होते. मग खोटं कोण बोलतंय, फीत की गवत?

लांब मिठागरात कंपनीचे पंप धडधडत होते. जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, उन्हात आटवायचं, त्यातून बॅटऱ्यांसाठी लिथियम काढायचं. त्या बिनधुराच्या गाड्यांपायी इथलं पाणी किती जातं, ते मोजायचं काम सरकारने तिच्यावर सोपवलं होतं. वर्षात पाणी पंचवीस सेंटिमीटरहून जास्त उतरलं तर पंप बंद. नाही उतरलं तर कंपनीला आणखी चार विहिरींची परवानगी. अहवाल चार वाजेपर्यंत द्यायचा होता आणि एक वाजून गेला होता.

तिला काही केल्या चैन पडेना. ती उठली, विहिरीला एक फेरी मारली, पुन्हा गुडघे टेकून बसली. आणि तिथेच थबकली. गेल्या वर्षी आपण उभ्याने फीत सोडली होती. नळी कमरेला लागत होती!

तिने काठावर हात फिरवला. तिथे कोरलेला विहिरीचा क्रमांक गायब होता.

एवारिस्तो मामाचं घर हाकेच्या अंतरावर होतं. अंगणातल्या मातीच्या भट्टीत तो पाव भाजत होता.

"मामा, विहिरीची नळी कुणी कापली?"

"मी. का गं?"

"पण कशाला?"

"यंदा पाट साफ करायच्या सणाला आली असतीस तर कळलं असतं. मोठ्या शहरात राहतेस ना बाई तू! आईचे, तुझ्या आजीचे, खांदे धरलेत, हात वर जात नाही. नळीत वाइनचा पेला ओतून पाण्याला नैवेद्य कसा देणार ती? म्हणून कापली हातभर. त्यात काय एवढं?"

"मी काठापासून पाणी मोजते, मामा! काठच खाली आणलास. पाणी तेवढंच खाली गेलं असेल, तर मला कळणार कसं?"

मामाच्या हातातलं पाव काढायचं फावडं थांबलं.

"मग तसं लिहून टाक."

"तेवढ्याने भागत नाही. गावानेच नळी कापली म्हणतील आणि ही विहीर मोजणीतून बाद करतील. तो तुकडा हवा. त्यावर क्रमांक आहे."

मामाने भट्टीकडे पाहिलं. तिचं धुरांडं म्हणजेच तो तुकडा होता.

"पंप बंद झाले तर कंपनीच्या फाटकावर मी पहारा कसला देऊ?" तो हळूच म्हणाला.

अकरा वर्षांची नोकरी होती त्याची.

मामाने हाताला गोणपाट गुंडाळलं आणि धुरांडं उपटलं. भट्टी धुराने कोंदली.

"पाव करपला तर तूच खायचास, सांगून ठेवतो."

विहिरीवर त्याने तुकडा नळीवर बसवून घट्ट धरला. यास्नाने काजळी पुसली, तसा क्रमांक दिसला. उभं राहून तिने फीत सोडली. दोन मीटर दहा झाले. फीत गप्पच. ती सोडत राहिली. दोन सत्तेचाळीसला टीं वाजलं.

"किती?"

"सदतीस सेंटिमीटर उतरलंय, मामा."

मामा नळीत बघत राहिला.

"आई पेला ओतून नळीला कान लावते," तो म्हणाला. "यंदा मला विचारत होती, हातभर कापलीस, तरी पाणी पहिल्याइतकंच लांब कसं रे? मी म्हटलं, म्हातारे, कान गेलेत तुझे."