एजंटकाकांचे दोन कागद

एजंटकाकांची एक पद्धत होती. गुंतवणूक म्हणून पहिल्यांदाच घर घ्यायला एखादं जोडपं आलं, की ते दोघांच्या हातात वेगवेगळा कागद द्यायचे. "जे जे विचारायचंय ते लिहा. एकमेकांचं बघायचं नाही. घर घेतल्यावर भांडण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं."

त्या दिवशी आलेल्या जोडप्यातला नवरा वायरमन होता. तो रिकाम्या हॉलमध्ये भिंतीला कागद लावून लिहायला लागला. त्याची बायको खिडकीच्या कट्ट्यावर बसली. ती नर्स होती, ड्यूटी संपवून थेट इथेच आली होती.

खरं तर गुंतवणूक-बिंतवणूक हे सगळं वायरमनचं नाटक होतं. त्याला इथे राहायचं होतं. वर्षभर बायको घरात असून नसल्यासारखी. काय झालं विचारलं, की "दमलेय रे." मग यानं डोकं चालवलं. राहायला घर बघू म्हटलं तर ती आढेवेढे घेणार, गुंतवणूक म्हटलं तर निदान येईल तरी. आणि एकदा स्वयंपाकघर बघितलं की मन वळेलच.

काकांनी आधी त्याचा कागद मोठ्यानं वाचला.

"स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का. बाल्कनीत झोपाळ्याचा हूक ठोकला तर चालेल का. वरच्या मजल्यावर धिंगाणा घालणारी पोरं आहेत का." काकांनी चष्म्यावरून बघितलं. "साहेब, भाडं किती येईल, घर रिकामं पडलं तर हप्ता कुठून भरायचा, हे नाही विचारलंत? झोपाळ्यावर भाडेकरू बसणार, तुम्ही नाही."

"लोंबकळायला कुणीतरी पाहिजेच की," वायरमन म्हणाला.

बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली. त्याला वाटलं, जमलं.

मग काकांनी तिचा कागद घेतला.

"भाडं किती येईल. डागडुजीचा खर्च कुणाकडे. विकायचं झालं तर किती दिवस लागतात." काका खूश. "याला म्हणतात अभ्यास, ताई." त्यांनी पुढचा प्रश्न वाचला. "दोघांच्या नावावर घेतलं आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर काय करतात. हाही नेहमीचाच प्रश्न. भाऊ-भाऊ मिळून घेतात ना, ते हमखास विचारतात."

पुढची ओळ त्यांनी मनातल्या मनात वाचली. कागदाची घडी घालून तिला परत दिली. "टाकीत पाणी आहे का बघून येतो," म्हणाले आणि जिन्याकडे गेले.

वायरमननं हात पुढे केला. तिनं कागद दिला. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

'मी वेगळी राहायला लागले तर माझ्या हिश्श्याचं भाडं मला वेगळं मिळेल का?'

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"झालं वर्ष."

"दुसरं कुणी आहे?"

"नाही रे. म्हणून तर सांगता येत नव्हतं. कुणी असतं तर तुला राग तरी आला असता."

"मग घर बघायला कशाला आलीस?"

"तूच म्हणालास ना, राहायचं नाहीये, नुसती गुंतवणूक." ती कट्ट्यावरून उठली. "मला वाटलं तुलाही कळलंय. माझ्यासाठी सोपं करतोयस."

त्यानं स्वतःच्याच हातानं वायर उलटी जोडली होती.

त्याचा खिसा फुगला होता. ती म्हणाली, "मापाची टेप आणलीयस?"

"ओट्यासाठी."

"दे. धरते."

लग्नाच्या सहा वर्षांत प्रत्येक भाड्याच्या खोलीत तिनं असंच टोक धरलं होतं. ओट्याच्या त्या टोकाला ती, या टोकाला तो. आकडा त्यानं वाचला, लिहिला मात्र नाही.

"सोड आता," तो म्हणाला.

तिनं सोडलं. टेप सरसरत येऊन त्याच्या बोटावर आपटली.

काका पाय वाजवत आत आले. "पाणी भरपूर आहे. अजून काही विचारायचंय?"

वायरमननं खिडकीकडे बघितलं. ओट्यावर खरंच ऊन आलं होतं.

"पडदे कोण लावतं, काका? मालक की भाडेकरू?"

"भाडेकरू. ज्याला राहायचं असतं तो."

"बरं," वायरमन म्हणाला आणि स्वतःचा कागद टेपभोवती गुंडाळून खिशात ठेवला.