तारेमागचे चेहरे

त्या दिवशी संकष्टी होती. “आजी, कल चलते हैं ना, उपास में चक्कर आ जाएगा,” असं पुतण्याची पोट्टी गंधाली म्हणालीसुद्धा. पण मंदाकिनीआजी देवाला नमस्कार करून रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरून निघाल्याच. नव्या युद्ध-संग्रहालयात एकाहत्तरच्या लढाईत पकडल्या गेलेल्या आपल्या जवानांचा भिंतभर फोटो लागला आहे, हे पुतण्या यज्ञेश्वर पाहून आला होता. आजींचे यजमान त्याच लढाईत बेपत्ता झाले. ना देह आला, ना चिठ्ठी. आजींनी कुंकू पुसलं नाही, की त्यांच्यासाठी धरलेली संकष्टी सोडली नाही.

तिकीट खिडकीवर रायपूरच्या रहिवाशांना सवलत होती. गंधालीनं दोघींची आधार कार्डं पुढे केली आणि बोलता बोलता आजींची सगळी हकीकत सांगून टाकली. खिडकीतला भैया उठून उभाच राहिला.

“फिर तो अम्माजी का टिकट ही नहीं लगेगा. शहीद की पत्नी को फ्री है.”

“नाही भैया,” आजी हळूच म्हणाल्या, “मले रायपूरवाल्यांचंच द्या.”

“अम्मा, आपके फायदे की बात बता रहा हूँ.”

“हव. पण ते नोको.”

आत तोफा होत्या, बंदुका होत्या. आजी कुठं थांबल्या नाहीत. फोटोपुढे मात्र थांबल्या. काटेरी तार, तारेमागे दाढी वाढलेले, घोंगड्या पांघरलेले जवान. काचेला न लावता आजींचं बोट एकेका चेहऱ्यावरून सरकू लागलं.

“कौन से वाले हैं आजी?”

“थांब ना बाई.”

लग्नानंतर जेमतेम दीड महिना. दिवसा घरभर सासरे-दीर, डोक्यावर पदर, नजर खाली. रात्री दिवा मालवलेला. लग्नाचा एकुलता एक फोटो चौकशीच्या अर्जाबरोबर पाठवला, तो परत आला नाही. तरी दर चंद्रोदयाला हात जोडताना समोर एक चेहरा यायचा. आज इतके चेहरे समोर असताना तोच तेवढा येईना. याचं कपाळ तसं वाटे, त्याचे कान.

“सगळे सारखेच दिसून राहिले गं.”

“ध्यान से देखो ना! पापा बोले, आप एक नज़र में पहचान लोगी.”

पोरीच्या डोळ्यांत एवढी आस होती, की आजींचं बोट एका सडपातळ जवानापाशी थांबलं. काहून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तो सरळ समोर पाहत होता, एवढंच.

“ये?” गंधाली ओरडलीच. आजी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. तोवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर गेलासुद्धा.

बाहेर बाकावर टेकतात न टेकतात, तोच यज्ञेश्वरचा फोन आला. रडून राहिला होता.

“काकू, सापडले ना आपले काका! आजच मोठा करून फ्रेम करतो.”

“अरे यज्ञेश्वर, ऐक…”

“काही ऐकत नाही मी. फक्त एक सांग. हार घालायचा का नाही?”

कोण्या माउलीचा तो लेक होता, देव जाणे. त्याच्या नावानंही कुठं कोणी बसली असेल. आजींनी डोळे मिटून आपल्या माणसाला आठवून पाहिलं. तारेमागचा तो अनोळखी पोरगाच पुढे आला. त्याच्यामागे कोणी नव्हतं.

“काकू? हॅलो?”

“घाल,” आजी म्हणाल्या.