आता मी वळणावर कलत नाही

मित्रांनो, माझं वय एकवीस वर्षं. तुमच्यात या वयाची मुलं कॉलेजात जातात. आमच्यात या वयाला लोक टायरला हळूच लाथ मारून बघतात आणि मान हलवतात. हो, मी एक जुनी गाडी आहे. निळी, चार दारांची, पण अगदीच साधीसुधी नव्हे हं! घरच्यांना शाळेत आणि बाजारात नेईल, अन् रस्ता मोकळा मिळाला की मजेत धावेलही, असं कारखान्यातच माझ्याबद्दल ठरलं होतं. स्पोर्ट्स सेडान म्हणतात आम्हांला.

बाबांनी मला लंडनमधल्या हॅरोच्या घरी आणलं तेव्हा कस्तुरी अकरा वर्षांची होती आणि तिचा भाऊ यतीन सहा वर्षांचा. मागे खिडक्या दोन असूनही दोघांना डावीच हवी असायची. बाबा मला दर शनिवारी धुवायचे. शेजारचे काठीवाले इंग्रज आजोबा थांबून म्हणायचे, “लव्हली कार!” तेव्हा मी मनातल्या मनात आणखी निळी व्हायचे. पुढे माझ्याच सीटवर बसून कस्तुरी गाडी चालवायला शिकली. मग आईबाबा नाशिकला परत गेले आणि मी कस्तुरीची झाले.

पण माणसं मोठी झाली की फार कामात असतात. कस्तुरी फिजिओथेरपिस्ट झाली, तिचं अनिशशी लग्न झालं, सिया जन्मली. मी दारासमोर उभी राहू लागले. खिडकीच्या रबरावर शेवाळ धरलं. माझे सांधे, म्हणजे चाकांना अंगाशी जोडणारे रबरी बुश, आतून झिजले. वळण आलं की मी एका बाजूला कलायचे आणि सरळ व्हायला उगाच वेळ लावायचे.

एका रविवारी यतीन आपली कोरी करकरीत स्पोर्ट्स कार घेऊन आला. बुटकी, पिवळी, दोन सीटची. त्याने कस्तुरीला कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारून आणल्या. मग ती मला घेऊन निघाली. यतीन शेजारी बसला आणि पहिल्याच वळणावर त्याने वरचं हँडल घट्ट पकडलं.

“ताई, ऑनेस्टली सांगू? ही वळत नाही गं. आधी विचार करते, मग कुणाला तरी विचारते, मग वळते!”

घरी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता अनिश म्हणाला, “मी तेच म्हणतोय. विकून टाकू या. एखादी मोठी इलेक्ट्रिक गाडी घेऊ.”

मी खिडकीबाहेरच उभी होते. सगळं ऐकू आलं. मित्रांनो, एकवीस वर्षांच्या गाडीला विकतात म्हणजे बहुधा कुठे पाठवतात, हे मला ठाऊक होतं. तिथून गाडी परत येत नाही, तिचे तुकडे येतात.

कस्तुरीने बशी खाली ठेवली. “ऑगस्टमध्ये यतीनच्या कार क्लबचा एअरफील्ड डे आहे ना? जुन्या धावपट्टीवर शंकूंमधून गाडी काढायची, घड्याळ लावून? मी निळीला घेऊन येते. यतीनच्या वेळेच्या फार तर एक सेकंद मागे आले, तर ही राहणार.”

“आणि नाही आलीस तर?” अनिशने विचारलं.

“तर मीच जाहिरात टाकीन. छान फोटो काढून.”

यतीन तर हसतच सुटला. “ताई, एक नाही, पाच सेकंद घे!”

“एक म्हणजे एक,” कस्तुरी म्हणाली.

त्यानंतर सिया झोपली की कस्तुरी व्हिडिओ बघू लागली आणि तिने एक चूक केली. स्पोर्ट्स कार बुटकी असते आणि तिच्या स्प्रिंग कडक असतात, एवढंच तिने पाहिलं. मग माझ्याही अंगात सर्वांत कडक, सर्वांत आखूड स्प्रिंग बसवल्या. बाई गं! सियाच्या शाळेसमोरच्या प्रत्येक स्पीड हम्पवर माझं पोट खर्रकन घासायचं. वळणात छोटासा खड्डा आला तरी चाकं रस्ता सोडून उडायची. मागून सिया टाळ्या वाजवायची, “मम्मा, निळी डान्स करतो!” कस्तुरीला मात्र रडू यायचं बाकी होतं.

शेवटी ती मला जवळच्या ईलिंगला नंदूकाकांकडे घेऊन गेली. त्यांनी तीस वर्षं बस दुरुस्त केल्या, आता रेल्वेपुलाच्या कमानीखाली त्यांचं छोटं गॅरेज आहे. ते माझ्याखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, “काय गं, पेशंटचा गुडघा दुखतो म्हटल्यावर तू त्याला आधी तपासतेस, की थेट पळायला लावतेस?”

“तपासते, काका.”

“मग हिला का नाही तपासलंस? सगळे सांधे गेलेत बिचारीचे. त्यात तू वरून कडक पट्टा बांधलास!”

कस्तुरी ओशाळली. पण त्या दिवसापासून माझे खरे सुखाचे दिवस सुरू झाले. दर शनिवारी सकाळी दोघं मला जॅकवर उचलून धरायची. एकेक झिजलेला बुश निघाला, नवा बसला. कडक स्प्रिंग गेल्या, बेताच्या आल्या. नवे शॉक अब्सॉर्बर, ब्रेकचे नवे पॅड, चांगले टायर आणि वळणावर अंग कलू न देणारा जरा जाड आडवा दांडा. इन्शुरन्सवाल्यांना सगळं कळवलंही. बाई शिस्तीची आहे.

मग चाकांचा कोन जुळवायची वेळ आली. काका म्हणाले, “रिकाम्या गाडीची चाकं जुळवून उपयोग नाही. तू बसलीस की ती खाली दबणार, कोन बदलणार. तुझ्याएवढं वजन सीटवर पाहिजे. वजन किती तुझं?”

“बासष्ट.”

“खरं सांग.”

“... पासष्ट. आणि अनिशला सांगायचं नाही!”

इथल्या मराठी मंडळाच्या महाप्रसादासाठी आणलेली तांदळाची पोती काकांच्याच गॅरेजात होती. दहा किलोची सहा पोती आणि पाच किलो तूरडाळ माझ्या सीटवर चढली. काकांनी त्यांना रीतसर सीटबेल्टही लावला. इतका शांत ड्रायव्हर मला पुन्हा मिळाला नाही.

एअरफील्डवर सगळे आले होते. यतीनची सर्वांत चांगली वेळ एकसष्ट सेकंद आणि चार दशांश. आम्हांला प्रत्येकी तीन फेऱ्या. माझी पहिली चौसष्ट, दुसरी त्रेसष्ट. म्हणजे अजून दीड सेकंदाहून जास्त फरक! कस्तुरीच्या तळहातांचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागत होता.

काकांनी टायरला हात लावून पाहिला. “तापलेत. हवा फुगलीय.” त्यांनी चारही टायरमधली थोडी थोडी हवा काढली. “आणि तू वळणात शिरल्यावर ब्रेक मारतेस. आधी मार, मग पाय अलगद सोड. ती वळेल.”

तिसरी फेरी. तिने आधी ब्रेक दाबला, अलगद सोडला, आणि मी वळले. मित्रांनो, काय सांगू! चारही चाकांनी जमीन धरली होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मध्ये कुठे डुलणं नाही. कस्तुरी चक्क मोठ्याने हसत होती. शेवटच्या वळणावर माझं मागचं चाक एका शंकूला चाटून गेलं. शंकू पडला किंवा जागेवरून सरकला तर दोन सेकंदांचा दंड. तो डुलला. पुन्हा डुलला. शंकूंवर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलबाई धावत आल्या, वाकून त्याच्याभोवती आखलेली खडूची चौकट पाहिली. शंकू चौकटीतच उभा होता. बाईंनी अंगठा वर केला.

बासष्ट सेकंद आणि एक दशांश. फरक फक्त सात दशांशांचा!

सर्वांत आधी धावत आला तो अनिश. त्याने कस्तुरीला मिठी मारली आणि मग इकडेतिकडे बघत माझ्या बॉनेटवर दोन थापा मारल्या. यतीन किल्ली मागून मला एक फेरी मारायला घेऊन गेला आणि तीन मारून आला. उतरताना म्हणाला, “दाजी, हिला विकायची असेल तर आधी मला विचारायचं. सीरियसली.”

“विकतोय कोण?” अनिश म्हणाला.

मित्रांनो, मी आजही एकवीस वर्षांचीच आहे आणि त्या पिवळीपेक्षा सात दशांश हळूच आहे. माझं इंजिन कुणी बदललं नाही, रंगही तोच आहे. फक्त कुणीतरी माझ्याखाली शिरून, नेमकं कुठे झिजलंय ते पाहिलं. तुमच्याही घरी एखादी कुरकुरणारी सायकल असेल, अडखळणारं शिलाईयंत्र असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा बाह्या सरसावून खाली वाका. हात काळे होतील. होऊ देत, साबणाने निघतात.

आता दर शनिवारी सिया मला धुते. तिचा हात खिडकीपर्यंतच पोचतो, म्हणून मी खाली चकचकीत आणि वर मळकट असते. पुढच्या वर्षी छतापर्यंत पोचेल म्हणते. पोचू दे सावकाश. मी इथेच आहे.