निळ्या पेटीतला नारळ

मित्रांनो, आष्ट्याला दिलावर मिस्त्रींच्या दारात एक काळाभोर, गोल ओंडका पडलेला आहे. सकाळी त्याच्यावर कोंबड्या बसतात, दुपारी शेळी येऊन अंग घासते. येणारेजाणारे त्याला ठेचकाळतात आणि वर त्यालाच शिव्या घालतात. तो ओंडका म्हणजे मी. आज माझी ही दशा झाली असली, तरी एके काळी मी उभा राहिल्याशिवाय लोक जत्रेला जत्रा म्हणत नसत. मी रहाटपाळणा आहे. म्हणजे, होतो. माझे हात गेले, पेट्या गेल्या, खांब गेले. उरला तो हा मधला तुंबा, ज्यात चारी हात येऊन बसायचे. माणसाचं काळीज असतं ना, तेच समजा.

माझा जन्म याच दारात झाला. बांधावरची एक जुनी बाभूळ वाऱ्यानं पडली होती. दिलावर मिस्त्रींनी तिचा बुंधा निवडून माझा तुंबा कोरला. हात सागाचे केले. प्रत्येक हाताला दोन दोन मजबूत दांडे आणि त्या दांड्यांच्या टोकाला माणसं बसायची पेटी. चार हात, चार पेट्या: लाल, हिरवी, पिवळी आणि निळी. मिस्त्री रंधा मारायचे आणि पुन्हा पुन्हा हातानं लाकूड चाचपायचे. त्यांची लहानगी सलिमा भुश्यात खेळत असायची आणि विचारायची, "अब्बा, मी कवा बसायचं?"

"जरा मोठी हो बेटी. पाळणा कुठं पळून चाललाय?" मिस्त्री म्हणायचे.

मला करून घेतलं होतं कुंडलच्या नानासोनं. नानासो गडी मोठा हौशी. डोक्याला तांबडा पटका, मिशीला पीळ, आवाज असा की एका हाळीत अर्धी जत्रा गोळा व्हावी. माझ्यावर त्याचा जीव होता, हे मी आजही नाकारणार नाही. माझ्या आसाला एरंडेल घालायचं काम तो गड्यांवर कधी सोपवत नसे. स्वतः वर चढायचा, बोटानं तेल आत लोटायचा आणि म्हणायचा, "पी गड्या, पोटभर पी. दीसभर फिरायचं हाय." कोणी इतक्या मायेनं बोललं की आपण त्याच्यावर जीव टाकतो. मीही टाकला.

पहिल्याच जत्रेत एक गंमत झाली. मी ताठ उभा, रंग चकाकतोय, पिपाणी वाजतेय, आणि बसायला कोणी येईना. लोक लांबून वर बघायचे आणि मागं सरायचे. एक बाई तर मोठ्यानं म्हणाली, "ह्यो पडला म्हंजे? माझी पोरं काय वाटंवर पडल्यात व्हय?" हशा पिकला. नानासो मात्र हसला नाही. तो तडक आपल्या बैलगाडीकडं गेला आणि घरच्या माणसांना घेऊन आला. लाल पेटीत त्यानं आपल्या म्हाताऱ्या आईला, भामाबाईला बसवलं. हिरवीत बायको रंगूबाई, मांडीवर मुलगी. पिवळीत धाकटा भाऊ अर्जुना. निळ्या पेटीत स्वतः बसला आणि ओरडला, "फिरवा रं! पडलो तर आमी पडू!"

भामाबाई देवाचं नाव घेत डोळे मिटून बसली होती. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "आरं, लय ग्वाड वाटलं की. अजून एकदा फिरवा." झालं. लोकांची नुसती झुंबड उडाली.

तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. गाव कुठलंही असो, आधी घरचा फेरा, मग गिऱ्हाईक. बाकीच्या पेट्यांत माणसं बदलत, पण निळी पेटी नानासोची. ती त्यानं कधी कोणाला दिली नाही. घरचा फेरा बघायला लोक मुद्दाम सकाळी लवकर येत आणि एकमेकांना सांगत, "मालक सोता बसतोय, मग आपल्याला कशाचं भ्या?" मला या रिवाजाचा फार अभिमान वाटायचा. माझ्या अंगावर कसला कागद चिकटवलेला नव्हता की कुणा साहेबाचा शिक्का नव्हता. हा फेरा हाच माझा शब्द होता.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग लढाई आली. गावोगावचे तरणे गडी पलटणीत गेले, रॉकेल मिळेना, साग तर बघायला मिळेना. जत्रा मात्र थांबल्या नाहीत. उलट, ज्यांची माणसं लांब लढाईवर होती, त्या बायका माझ्या पेटीत बसून वर गेल्या की कितीतरी वेळ लांब रस्त्याकडं बघत राहायच्या. मी त्यांना सावकाश खाली आणायचो.

त्याच काळात माझ्या एका हाताला चीर पडली. निळ्या पेटीचा हात. जत्रा संपवून मला आष्ट्याला आणलं होतं, तेव्हा मिस्त्रींनी दांड्यावरून हात फिरवला आणि गाठीपाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी नखानं चीर उकरून पाहिली. मग नानासोला बोलावून म्हणाले, "नानासो, ह्यो दांडा आता माणूस पेलायचा न्हाई. साग मिळंल तवा नवा घालू. तवर पाळणा उभा करू नगा."

"व्हय मिस्त्री. तुमी म्हणाल तसं," नानासो म्हणाला. माझ्या अंगावर थोपटलंही, आणि मला कुंडलला घेऊन गेला. मला वाटलं, आता आपल्याला विश्रांती मिळणार आणि मग नवा हात येणार.

पण मलकापूरची जत्रा तोंडावर आली. तिकडच्या लोकांचा निरोप आला की नानासो, तुझा पाळणा नसेल तर यंदा दुसऱ्या कोणाचा आणतो. बस, एवढंच त्याच्या जिव्हारी लागलं. "नानासोचा पाळणा न्हाई अशी मलकापूरची जत्रा कवा झालीया?" असं म्हणत त्यानं मला गाड्यांवर चढवलं. आष्ट्याला निरोप धाडला, हात कराडच्या सुताराकडनं बदलून घेतलाय, मिस्त्रींनी येण्याची तसदी घेऊ नये.

मित्रांनो, हात कोणी बदलला नव्हता. नानासोनं स्वतः चिरेत लाख आणि भुसा भरला, वरून तार आवळली आणि त्यावर निळ्या रंगाचा जाड हात मारला. तार दिसू नये म्हणून तिच्यावर पताका बांधल्या. ज्या बोटांनी मला तेल पाजलं होतं, त्याच बोटांनी माझं दुखणं झाकलं. तरी तोवर मी त्याच्याबद्दलची आशा सोडली नव्हती. मला वाटत होतं, सकाळी घरच्या फेऱ्याला तो निळ्या पेटीत बसेल, मी कुरकुरेन, त्याला कळेल, आणि तो म्हणेल, "न्हाई गड्यांनो, उतरवा ह्याला." घरचा फेरा असतोच त्यासाठी, असं मी धरून चाललो होतो.

सकाळ झाली. लोक जमले. लाल पेटीत भामाबाई बसली. हिरवीत रंगूबाई आणि मुलगी, पिवळीत अर्जुना. मग नानासोनं देवळातून आणलेला नारळ हळदकुंकू लावून निळ्या पेटीत ठेवला आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "यंदा लढाईचं साल हाय. माझी जागा देवाला दिली. देवाचा मान पयला!"

लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून नमस्कार केला. मी फिरलो. तीन पेट्या भरलेल्या, एक रिकामी, म्हणून मी एका बाजूला हिसके देत फिरलो. रंगूबाईनं एकदा मान वळवून त्या नारळाकडं पाहिलं. बाकी कोणाला काही कळलं नाही. मला मात्र सगळं कळून चुकलं. त्याला माहीत होतं. टिकेल अशा अंदाजानं पाळणा नव्हता चालवला त्यानं. स्वतःला नेमकं बाजूला काढून, बाकी दुनियेला माझ्या हवाली केलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

नारळ काढला आणि गिऱ्हाईक सुरू झालं. दर फेऱ्याला माझा हात कुरकुरत होता. पिपाणीच्या आवाजात कोण ऐकतो! दुपार झाली, काही झालं नाही. नानासोचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. सकाळपासून टिकला म्हणजे टिकणारच, असं माणसाला वाटू लागतं. तो पुन्हा मिशीवर ताव देऊन हाळ्या घालू लागला.

आणि उन्हं कलताना मला ओळखीचा आवाज ऐकू आला. दिलावर मिस्त्री सलिमाला घेऊन जत्रेला आले होते. सलिमा आता दहा वर्षांची झाली होती. नवा जरीचा परकर घालून ती उड्या मारत होती. "अब्बा, आता मोठी झाले का न्हाई?"

मिस्त्री हसले. पण कारागिराची जात, हात स्वस्थ बसेना. ते माझ्याजवळ आले, पताका बाजूला करायला हात वर केला. तेवढ्यात नानासो लगबगीनं पुढं आला.

"आवं मिस्त्री, चारचौघांत तपासताय व्हय? लोक काय म्हणतील? माझ्यावर इस्वास न्हाई काय तुमचा?"

मिस्त्री ओशाळले. इतक्या वर्षांचा घरोबा. नानासोच्या घरी दसऱ्याला सोनं द्यायला मिस्त्री जात आणि ईदेला नानासो त्यांच्याकडं शिरखुर्मा खायला येई. "तसं न्हाई हो, सवय," असं म्हणून त्यांनी हात खाली घेतला. भीड ही भिकेची बहीण, म्हणतात ते उगाच नाही. बोटभर पताका सरकवली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं.

खाली येऊन थांबलेली पेटी निळीच होती. नानासोनं सलिमाकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं. क्षणभर त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. ही पोर त्यानं भुश्यात खेळताना पाहिलेली होती. त्यानं तिला काखेत धरून उचललं, निळ्या पेटीत बसवलं आणि म्हणाला, "बस पोरी, घट धर."

मी फिरायला नको म्हणत होतो. पण पाळण्याचं कोण ऐकतं? सलिमा वर गेली. "अब्बा, कृष्णामाई दिसतीया!" ती ओरडली. त्याच वेळी तार सुटली, लाख फुटली आणि दांडा कडाडून मोडला. पेटी एका अंगाला कलंडली. शेजारी बसलेल्या बाईनं कांबीला मिठी मारली म्हणून ती वाचली. सलिमाच्या हाती काही लागलं नाही.

तिला नानासोच्याच गाडीतून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली वाकडाच राहिला.

काही दिवसांनी चावडीत पंच बसले. मला तिथंच अंगणात तुकडे करून टाकलं होतं. नानासो उभा राहिला. मला वाटलं, आता तरी. पण तो म्हणाला, "माझा काय दोष? मिस्त्रीनं लाकूडच किडकं घातलं. पाळणा पयल्यापासून अपशकुनी हाय. जाळून टाका."

लोकांतून कुजबुज सुरू झाली. "व्हय, व्हय, अपशकुनीच." ज्यांनी माझ्या पेट्यांत बसून हसत लहानपण घालवलं, ते लोक काड्यापेटी शोधू लागले. मिस्त्रींनी पंचांना चिरेचं सांगितलं, पण ते बोलणं दोघांतलंच, साक्षीला कोण येणार? ते खाली मान घालून बसले होते. लेकीचा पाय गेला तो गेलाच, आता हयातभर जपलेलं कामही खोटं ठरत होतं. मी लाकडाचा. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

तेव्हा मागं बायकांत बसलेली रंगूबाई उठली. डोक्यावरचा पदर सावरला. चावडीत बाईनं बोलायची रीत नव्हती. अर्जुना दबक्या आवाजात म्हणाला, "वयनी, खाली बस." ती बसली नाही.

"आवं, एक इचारते," ती नवऱ्याला म्हणाली. "दर साली घरच्या फेऱ्याला निळ्या पेटीत तुमी बसता. यंदा का न्हाई बसला?"

"देवाला मान दिला," नानासो म्हणाला.

"मग लाल पेटीत का न्हाई दिला? सासूबाईंना बसवलंसा. हिरव्यात मला बसवलंसा, पोटच्या पोरीला बसवलंसा. देवाला नेमकी मोडकी पेटीच सापडली व्हय?"

नानासोनं बायकोकडं पाहिलं, मग आईकडं. भामाबाईनं तोंड फिरवलं. नानासो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. दुसऱ्या शिक्षेची गरज उरली नाही असं काही जण म्हणाले. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. वाकडा पाय कोणाच्या लाजेनं सरळ होत नसतो.

पंचांनी नानासोला पुन्हा पाळणा उभा करायची बंदी केली आणि माझं लाकूड मिस्त्रींच्या स्वाधीन केलं. मिस्त्रींनी मला जाळलं नाही. मोडलेला दांडा त्यांनी दुकानात दर्शनी टांगून ठेवला. कोणी म्हणालं, "आत्ता चालवून घ्या, मागनं बघू," की ते त्याच्याकडं बोट दाखवतात. चांगल्या राहिलेल्या हातातून त्यांनी सलिमासाठी कुबडी केली. ती कुबडी टेकत सलिमा येते आणि संध्याकाळी माझ्यावर बसते. तिचं ओझं मला अजून ओळखता येतं.

एकदा नानासोही आला होता. मिस्त्रींनी त्याला पाणी दिलं. जाताना त्यानं माझ्यावर हात ठेवला. त्याच्या बोटांना आता एरंडेलाचा वास नव्हता. पूर्वी त्या हाताखाली मला सुरक्षित वाटायचं. त्या दिवशी तो कधी उचलतो असं झालं.

मित्रांनो, आम्ही यंत्रं खोटं बोलत नाही. दुखलं की कुरकुरतो, तापलो की वास येतो, थकलो की डगमगतो. ते ऐकणं आमच्या मालकाचं काम. रंग, पताका आणि देवाचं नाव, यांच्या आड आमचं दुखणं झाकू नका. ज्यानं विश्वासानं पाय पेटीत टाकला, त्याचा जीव तुमच्या हवाली असतो.

परवा गल्लीतली पोरं जत्रेला निघाली होती. सलिमापाशी थांबून म्हणाली, "सलिमाआपा, आमी पाळण्यात बसू का गं?"

सलिमानं कुबडी माझ्यावर आडवी ठेवली. मला वाटलं, नको म्हणेल. ती म्हणाली, "बसा की. वरनं कृष्णामाई दिसती, लय झ्याक. पर आधी मालकाला इचारा, सकाळी तुमी सोता कुठल्या पेटीत बसला हुता? आन त्याच्या जागी नारळ बसला असंल, तर तसंच घरला या."