बाटली कोण?

मी पेला बोलतोय. जाड काचेचा, बाहेरून पैलू पाडलेला, रशियातून पेटीत गवतात गुंडाळून भिलाईला आलेला. आणि आधीच सांगून टाकतो, मी रागात आहे. काचेला कसला राग, असं म्हणू नका. रोज ज्याच्या काठाला माणसाचे ओठ लागतात, त्याला माणूस बरोबर कळतो.

माझं पहिलं घर नीनाबाईंचं. त्यांचा नवरा इथं पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभारायला आला होता. त्यांच्या टेबलावर जेवणाबरोबर लाल वाईन असायची. भारीतली नव्हे, मुंबईहून पेटीनं येणारी साधीसुधी. नवरा, बायको, म्हातारी सासू सगळे एकाच वेळी बसायचे, एकमेकांना वाढायचे. जगात सगळीकडे असंच जेवतात, असं मी समजत होतो. काय माझं अज्ञान!

शेजारच्या क्वार्टरात मारोतराव राहायचे. भंडाऱ्याकडचे, कारखान्यात क्लार्क. एका संध्याकाळी नीनाबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोनं, सिंधुताईंनी, बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा करून आणला होता, वर बोटभर तेलाची लाल तर्री. नीनाबाईंपुढे तीन स्वस्तातल्या बाटल्या होत्या. यापुढे घरी कोणती मागवायची ते ठरवायचं होतं. मोडक्या हिंदीत त्या सिंधुताईंना म्हणाल्या, "तुम्हारा सब्जी, मेरा अंगूर. कौन अच्छा, तुम बोलो."

सिंधुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मारोतरावांनी बाटली नाकाशी धरली आणि मोठ्या जाणत्यासारखे म्हणाले, "घे न, द्राक्षासव व्हय हे. आपल्या नलूच्या बाळंतपणात घेतलं होतं न तू."

मग काय, सिंधुताईंनी निर्धास्तपणे घोट घेतला. मध्ये रश्शाचा घास, पुन्हा दुसऱ्या बाटलीतला घोट. डोळे मिटून नीट चव घेतली. "पयलं लयच गोड हाये, तिखटापुढं कळतच नाई. दुसरं हिरड्यावानी जीभ धरते. हे तिसरं रश्शासंगं चालते," त्या म्हणाल्या. नीनाबाईंनी स्वतः चाखून पाहिलं, हसल्या, आणि तिसरीच मागवायचं ठरवलं. निघताना त्यांनी मला सिंधुताईंच्या हातात ठेवलं. आजवर त्या बाईला कोणी विचारलं नसावं, तुला काय आवडतं म्हणून. घरी जाईपर्यंत तिनं मला पदराखाली धरून ठेवलं होतं.

ही दारू आहे हे मारोतरावांना कळलं होतं ते जेवतानाच, स्वतःच्या तिसऱ्या पेल्याला, कान तापल्यावर. तरी चौथा सोडला नाही हं त्यांनी! घरात पाऊल टाकलं आणि मग तोंड सुटलं.

"दारू पेली तू. बाटली!"

मला मराठी नवीन. वाटलं, बाटलीबद्दल बोलतायत, ती तर नीनाबाईंकडेच राहिली. मग सिंधुताईंचा चेहरा पाहिला आणि कळलं, की ती बाटली म्हणजे विटाळली. तिनं देवघरात जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. आणि हे महाशय? सकाळी आंघोळ करून घंटी वाजवायला बसले. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, दुसरं काय! त्याच घरात मला फुटेस्तोवर राहायचं होतं. माझ्या अंगाची आग झाली.

पुढं वर्षभरात मारोतरावांना वाईनची गोडी लागली. एक रशियन कुटुंब परत मायदेशी निघालं, त्याच्याकडून तीन निरनिराळ्या बाटल्या त्यांनी सवलतीत मिळवल्या आणि आपले साहेब कृष्णराव यांना बायकोसकट जेवायला बोलावलं. पाहुणे यायच्या आधी मला आणि तिन्ही बाटल्या घेऊन गुपचूप स्वयंपाकघरात आले.

"चाखून सांग, मटनासंगं कोणती देऊ. साहेबाले पारख हाये, मले त तिन्ही सारख्याच लागते. अन् कोणाजवळ बोलू नको."

सिंधुताईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. "मी त बाटली न?"

"जुनं कावून उकरून राहिली?"

"चाखीन. पण मंग आज मी बी तुमच्यासंगं बसीन. मागून उरलंसुरलं नाई खाणार."

"बरं बाई, बस."

तिनं चाखलं, निवडलं. टेबलावर स्वतः चार ताटं मांडली.

पहिल्याच घासाला कृष्णराव खूश झाले. "वा! या रश्शासंगं काय जमली ही! कोणी निवडली?"

"माहीच जीभ, साहेब," मारोतराव म्हणाले.

सिंधुताई रश्शाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. चौथ्या ताटावर बसायला वळल्या, तर नवरा हळूच म्हणाला, "आधी सगळ्याईले वाढ. तू मंग बस."

तिनं पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं. "ज्याची जीभ हाये, त्यानं वाढावं. मी जेवतो." आणि त्यांच्या हाताशी असलेल्या मला उचलून आपल्या ताटाजवळ घेतलं. साहेबांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली. मारोतराव उठले. वाढताना अर्धी तर्री टेबलावरच्या चादरीवर सांडली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं जेवण ते.

मग राग कसला, म्हणाल. ऐका. त्या दिवसापासून सिंधुताई सगळ्यांबरोबर जेवतात. आणि दर पाहुण्यापुढं मारोतराव काय सांगतात? "आमचं घर पुढारलेलं हाये. मीच म्हनलं, सिंधू, तू बी बस आमच्यासंगं." पाहुणे माना डोलावतात, साहेब पाठ थोपटतात. सिंधुताई खाली मान घालून घास चावत राहतात. तिनं झगडून मिळवलेली जागाही यानं आपल्या नावावर केली.

तुम्ही कधी त्या घरी जेवायला गेलात, तर मी टेबलावर असेन, सिंधुताईंच्या ताटाजवळ. मारोतराव ती गोष्ट सांगायला लागले, की कोपराचा एक धक्का मारून मला खाली फरशीवर पाडा. दया करू नका. त्या माणसाला मध्येच गप्प करायला माझ्याकडे तेवढा एकच आवाज आहे.