चोप

भार्गवीची अक्कल अशी, की जर्मनीतल्या विद्यापीठाचा होकार यायच्या आधीच तिने सिंगापूरच्या हार्बरफ्रंटमधल्या शिपिंग कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा देऊन टाकला. वय एक्केचाळीस, पुण्याची वकिलीची पदवी धूळ खात पडलेली, आणि बाईसाहेब लेकीला नवऱ्यावर सोपवून निघाल्या वर्षभर जर्मनीत, जर्मनमधून कायदा शिकायला! आता ऑनलाइन मुलाखतीत आपटी खाल्ली, तर तेलही गेलं नि तूपही.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी तिने ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या गजबजाटात, आणखी एक पराक्रम केला. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, की टेबल आपलं. सगळं सिंगापूर याला ‘चोप’ करणं म्हणतं. एका अंकलने तिचं पाकीट सरळ बाजूला सारलं, आणि हिने त्याला मराठी अर्थाचा चोप द्यायचाच काय तो बाकी ठेवला.

“आई, स्टॉप लाह! सो एम्बॅरसिंग!” तिची अकरा वर्षांची आर्या लाजेने लाल झाली होती.

मुलाखतीत प्राध्यापिकाबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, “बेझिट्स आणि आयगनटूम यांत फरक काय?” म्हणजे ताबा आणि मालकी. सहा महिने घोकलेली व्याख्या भार्गवीच्या डोक्यातून पार उडाली. उरलं फक्त ते मेलं टिश्यूचं पाकीट. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिने तेच पुढे केलं: टेबल माझ्या मालकीचं नाही, पण पाकीट आहे तोवर ताबा माझा.

“आणि कुणी पाकीट हलवलं तर?”

“हात तर लावून बघ म्हणावं!” भार्गवी चक्क मराठीत कडाडली. मग जीभ चावून तिने जर्मनमध्ये सांगितलं, की ज्याचा ताबा, तो बळ वापरून राखेल. गेलं सगळं, असं तिला वाटलं.

बाई मात्र हसल्या. “आमच्या कायद्यात असंच कलम आहे,” त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं. क्लेमेंटी भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून भार्गवीने फोनवर नवऱ्याला, अश्विनला, मुलाखतीतल्या शब्दन् शब्दासकट आपल्या बुद्धीची भरपूर फुशारकी ऐकवली. आर्या शेजारी बसून ऐकत होती. फोन संपल्यावर तिने दप्तरातून टिश्यूचं पाकीट काढलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

“चोप,” ती म्हणाली.

भार्गवीला रडूच फुटलं. नाक पुसायला तिने पाकीट उचललं, तर आर्याने ते हिसकावून पुन्हा मांडीवर दाबून ठेवलं.

“हात तर लावून बघ!”