नवसाबाईची भुई

आमच्या आईची भुई घोटीच्या बाजारापर्यंत गाजलेली होती. ही मी फुशारकी मारत नाही. पावसाळा सरला की गावातल्या प्रत्येक घरी जमिनीला तडे जायचे, आमच्याकडे नाही. बायका मुद्दाम बघायला यायच्या आणि भुईवरून हात फिरवायच्या. आईच्या, म्हणजे नवसाबाईच्या, तोंडात एरवी तीळ भिजायचा नाही, पण भुईचं गुपित तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या त्या आपमतलबीपणानं गाव वाचलं, हे आता म्हणावं लागतं.

गुपित नानांचं होतं. नाना म्हणजे माझे वडील, सावळीराम. ते भातगिरण्यांच्या शेडवर सिमेंटचे पत्रे बसवायचे. करवतीनं पत्रा कापला की खाली करडी भुकटी पडायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती गोणीत भरून आणली आणि शेणात मिसळून सारवून बघ म्हणाले. लोकांचे नवरे गजरा आणतात, आमच्या नवऱ्यानं भुकटी आणली, असं आई हसत सांगायची आणि सांगताना लाजायचीही. पुढे उभा जन्म ती उघड्या हातांनी ती भुकटी कालवत राहिली.

दोन हजार चार साली तिला धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं. नाशिकला नेऊन काढलं, ते पुन्हा भरलं. तिला छातीचा फोटो काढायला आत नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला घराविषयी विचारलं. घराचा विषय निघाला की नाना भुईवर येणारच. त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात सांगितलं, की त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून आत जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी असं वर येतं. आता त्यावर इलाज नव्हता.

घरात लहान मूल आहे का, हेही त्यांनी विचारलं. होतं. माझ्या भावाची, गोरक्षची, निकिता नुकती रांगायला लागली होती. मग ते म्हणाले, छपरावरही तसलेच पत्रे असतील आणि धड असतील तर त्यांना कापू नका, भोकं पाडू नका. भुई मात्र खणायची नाही, झाडायचीही नाही. ओली करायची आणि वरून सिमेंटचा कोबा घालून कायमची बंद करायची.

आम्ही बसस्टँडवर आलो. तिथे नाना मला म्हणाले, "तिला सांगायचं नाय. तिनं जन्मात काय मागितलं नाय. ती भुई तेवढी तिची हाय."

आई दवाखान्यात असतानाच आम्ही काम उरकायचं ठरवलं. निकिताला घेऊन वहिनी माहेरी गेली. मी पाणी भरून आणते तोवर नानांनी कुदळ उचललेली. डॉक्टरांनी एवढं बजावूनही. मी त्यांच्या हातातून कुदळ हिसकावली आणि बापाला बोलू नये ते बोलले. ते म्हणाले, मला ती भुई डोळ्यांसमोर नको. मग भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मलाही राग धरवेना.

तोंडाला ओली फडकी बांधून आम्ही भुई हळूहळू भिजवली. पाणी मुरलं तशा आईच्या बोटांच्या कमानी दिसायला लागल्या, शेजारी शेजारी, भिंतीपर्यंत. त्यांच्यावर प्लास्टिक अंथरलं आणि गोरक्षनं वर कोबा ओतला. आई जिवंत असताना तिचे हात पुरतो आहोत, असं मला वाटलं. मला ते सहन झालं नाही, मी अंगणात निघून गेले.

घरी आल्यावर आईनं कोबा पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. निकितानं घाण केली तर पुसायला बरं, असं मी ठोकून दिलं. मीच हट्ट धरला, नाना नको म्हणत होते, असंही सांगितलं. "माझ्या मरणापोतर तरी थांबायचं," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर माझ्या हातचा चहा तिनं घेतला नाही. सुनेच्या हातचा घ्यायची. मी चुलीपाशी बसून ते बघत राहायची.

आमच्याकडे जाणाऱ्या माणसाला खाटेवरून सारवलेल्या भुईवर घेतात. श्वास पुरेनासा झाला त्या सकाळी आईनंच भुईवर घ्या म्हणून खूण केली. मी उठले, पण नानांनी मला बसवलं. ज्या माणसानं कधी शेणाला हात लावला नव्हता, त्यानं गोठ्यातून शेण आणलं, कालवलं आणि कोब्यावर तिच्यापुरती जागा सारवली. कुठे जाड, कुठे पातळ. गोरक्षनं आणि मी तिला खाली घेतलं.

तिनं तळहात सारवणावरून फिरवला. नाना तिच्यावर वाकले.

"भुकटी घातली का?" तिनं विचारलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "घातली."

"मंग बरं." ती थांबली, तिला दम लागला होता. "तुमी व्हता म्हणून माझी भुई टिकली."

नानांनी मान हलवली.